घरात लपवलेली काळजी

॥ श्री गुरवे नमः ॥



गेल्या महिन्यात एका ताईंनी गटप्रमुखांकडे व्हॉइस मेसेज पाठवला. चांगला लांब आहे, आणि मध्ये मध्ये त्या बोलायच्या थांबल्या आहेत. 2021 च्या मे महिन्यात त्यांचे मोठे दीर पुण्याला कोविडने गेले. सासूबाई इथे, साखळीजवळच्या गावात. वय ऐंशीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी चालू. घरातल्या पुरुषमंडळींनी ठरवलं, आईला एवढ्यात सांगायचं नाही. एवढ्यात एवढ्यात म्हणता महिना उलटला. मग कुणीतरी बाहेरचं माणूस घरी आलं, सहज बोलून गेलं आणि सासूबाईंना कळलं. त्या मोठ्याने रडल्या नाहीत. पण सुनेशी बोलायच्या बंद झाल्या. आता बोलतात, पण कामापुरतं. ताईंचा प्रश्न असा, की आम्ही त्यांच्या जिवासाठीच लपवलं ना, मग आमचं चुकलं कुठे?

याला दोन ओळींत उत्तर देणं आम्हाला जमलं नाही. म्हणून या वेळचं पत्र त्यावरच. आणि प्रश्न त्या एका घराचा नाहीच. टाळेबंदीत आपल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी, काही ना काही लपवत होतं.

आठवून बघा. 22 मार्च 2020, रविवार. त्या दिवशी खरं म्हणजे जिल्हा पंचायतीचं मतदान व्हायचं होतं. ते पुढे गेलं आणि जनता कर्फ्यू आला. बुधवारी, 25 मार्चला पाडवा, आणि देशाच्या एकवीस दिवसांच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. नैवेद्याला घरात जो गूळ होता तेवढाच. गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती, हे मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना सांगितलं तर त्यांना अजून खरं वाटत नाही. बेळगावची भाजी घाटापलीकडे अडली. साखळीचा सोमवारचा बाजार भरला नाही. काही वाड्यांच्या तोंडाशी पोरांनी दगड आणि फांद्या टाकून रस्ते अडवले. चैत्र महिना, विठ्ठलापूरच्या उत्सवाचे दिवस, आणि वाळवंटीच्या पुलावर शुकशुकाट.

आजाराचं म्हणाल तर तेव्हा गोव्यात फारसं काही नव्हतंच. पाडव्याच्या दिवशी पहिले तीन रुग्ण जाहीर झाले, एकूण झाले सात, आणि 19 एप्रिलपर्यंत सातही बरे होऊन गेले. म्हणजे पहिले दोन महिने आपल्या घरांत जी धास्ती होती ती विषाणूची थोडी आणि पैशाची जास्त. कारण आपल्या डिचोली-साखळीच्या लोकांना सांगायला नको. खाणी मार्च 2018 मध्येच थांबल्या होत्या. ट्रक दारात उभे होते. कुणी ट्रक विकून टॅक्सी घेतली होती, कुणी कळंगुटला हॉटेलात लागला होता, कुणी सोनं ठेवून दोन वर्षं काढली होती. त्यावर ही टाळेबंदी.

आमच्या गटातल्या एका दादांचं उदाहरण त्यांच्या परवानगीने देतो. रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची सवलत दिली, नंतर ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. दादांनी घरी सांगितलं, "हप्ता माफ झालाय." माफ काही झाला नव्हता, व्याज चढत होतं. त्यांना ते ठाऊक होतं. बायकोला मात्र सप्टेंबरात कळलं. तोपर्यंत तिने, आता थोडे पैसे सुटलेत म्हणून, मुलीच्या ऑनलाइन वर्गासाठी मोबाईल घेतला होता. तोही हप्त्याने.

त्याच घरात ती वहिनी काय करत होती? उकड्या तांदळाचा डबा तळाला लागत चालला होता, ते ती नवऱ्याला सांगत नव्हती. रात्री म्हणायची, मला भूक नाही, पेज बरी. तिच्या महिन्याला चार एकादश्या व्हायला लागल्या. आजी खोकला उशीत दाबत होती, कारण टीव्हीवर तिने पाहिलं होतं की अंगभर पांढरं घातलेली माणसं येतात, गाडीत घालून नेतात आणि मग तोंडही बघायला मिळत नाही. आणि वेर्ण्याला कामाला असलेल्या मुलाला कंत्राट संपल्याचा मेसेज आला होता. तो रोज सकाळी अंघोळ करून लॅपटॉपसमोर बसायचा. काम घरून चालू आहे, असं दाखवायला. चार खोल्यांचं घर, चोवीस तास सगळे एकत्र, आणि कुणाला कुणाचं काही माहीत नाही.

हे सगळे एकमेकांवर माया करणारे लोक होते, हे विसरू नका. प्रत्येकाचं म्हणणं एकच, दुसऱ्याच्या जिवाला घोर नको. पण दुसऱ्याचा घोर खरंच चुकला का? जेवताना नवऱ्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही की बाईला कळतं. काहीतरी आहे हे कळतं, काय आहे ते कळत नाही. आणि कारण न कळलेली काळजी माणूस स्वतःवर ओढून घेतो. वहिनींनी आम्हाला सांगितलं, ते सहा महिने त्यांना वाटत होतं की हे आपल्यावरच रागावलेत. घरात बसून बसून आपला कंटाळा आलाय यांना. आता सांगा, व्याजाचा आकडा ऐकून त्यांना जेवढा त्रास झाला असता तो जास्त, की हा जास्त?

लपवण्यात माया किती आणि मान किती, हेही ज्याचं त्याने बघावं. "घर मी चालवतो" हे वाक्य पुरुषाच्या मनात फार आत बसलेलं असतं, आणि "माझ्या घरात कधी काही कमी पडलं नाही" हे बाईच्या. आमचं एक निरीक्षण आहे. गुरुचरणी बसून आपण सगळं सांगतो. कर्ज, आजार, मुलाची काळजी, काही ठेवत नाही. आणि बाहेर येऊन चप्पल घालताना शेजारी उभी असलेली बायको विचारते, काय मागितलंत हो? तर म्हणतो, काही नाही गं, सगळं बरं असू दे म्हटलं. जे देवघरात बोलायला जमतं ते स्वयंपाकघरात का जमत नाही?

आता शास्त्राचं. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं समोरच्याला उद्वेग न देणारं असावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं, अशा चारही गोष्टी एकत्र मागितल्यात. आपण त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्यावरच थांबतो. आईला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही, असं म्हणताना उद्वेग टाळला, प्रियही राखलं. सत्य सोडलं, आणि हित कशात आहे याचा विचार आपण तिच्या वतीने परस्पर करून टाकला. चारही एका वाक्यात बसवणं अवघड आहे, हे मान्य. म्हणूनच बहुधा त्याला तप म्हटलं असावं.

दुसरी बाजूही आहे, आणि ती साधी नाही. त्या टाळेबंदीत दूरदर्शनने 28 मार्चपासून रामायण पुन्हा दाखवायला घेतलं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी तेवढाच एक तास सगळे गप्प बसायचे. वाल्मीकी रामायणात दशरथ राजा जातो तेव्हा भरत आजोळी केकय देशात असतो. राजाचा देह तेलात ठेवतात आणि भरताला आणायला दूत निघतात. निघताना वसिष्ठ मुनी त्यांना स्पष्ट सांगतात, रामाचा वनवास आणि राजाचा मृत्यू, दोन्ही तिथे बोलायचं नाही. सांगणारे कोण, तर प्रत्यक्ष कुलगुरू! भरताला रात्री वाईट स्वप्न पडलेलं. तो एकेकाची खुशाली विचारतो, दूत वेळ मारून नेतात. सात रात्रींचा प्रवास करून तो अयोध्येत शिरतो. नगरात आवाज नाही, आणि त्याला समजत जातं की काहीतरी घडलंय.

मग वसिष्ठांनी केलं ते असत्यच ना? आम्हाला यात एक गोष्ट दिसते. त्यांच्या लपवण्याला मुदत होती. लांबची वाट, परका मुलूख, राज्याला राजा नाही, मुलगा धड घरी पोचला पाहिजे. पोचेपर्यंतच गप्प राहायचं. आणि मुख्य म्हणजे जे भरताच्या हक्काचं होतं ते त्याच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. बापाचा देह तेलात का ठेवला? मुलाने अंत्यदर्शन घ्यावं, क्रिया त्याच्या हातून व्हावी म्हणून. बातमी थोडी मागे ठेवली, त्याचा वाटा काढून घेतला नाही.

यावरून आम्ही आमच्यापुरती एक परीक्षा ठरवलीय. ही गोष्ट कळली असती तर समोरच्याने काही वेगळं केलं असतं का? केलं असतं, तर ती गोष्ट त्याचीही आहे, आणि आपण ती अडवून ठेवू शकत नाही. वहिनीने तो मोबाईल घेतला नसता. तांदळाचं कळलं असतं तर दादांनी मान बाजूला ठेवून भावाकडे शब्द टाकला असता. मुलाच्या नोकरीचं कळलं असतं तर घरातला प्रत्येक रुपया वेगळ्या तऱ्हेने खर्च झाला असता. उलट, रात्री दोन वाजता छातीत धडधडतं, उद्याचं काही सुचत नाही, ही जी आपली स्वतःची भीती असते, ती रोज घरच्यांच्या ताटात वाढलीच पाहिजे असं नाही. तिच्यासाठी नाम आहे, गुरुचरण आहेत, अंगणातल्या फेऱ्या आहेत. दिवसभर बातम्यांचा आकडा मोठ्याने वाचणारे एक आजोबा आमच्या गटात होते. त्यांनी काहीच लपवलं नाही, आणि घरातल्या मुलांनी जेवण सोडलं!

तापाच्या बाबतीत मात्र दोन मतं नाहीत. 2020 च्या मे महिन्याच्या मध्यावर गोव्यात रुग्ण पुन्हा सापडू लागले. जूनच्या सुरुवातीला वास्कोचा मांगोर हिल बंद झाला, मग आपल्या शेजारचं सत्तरीतलं मोर्ले. 22 जूनला राज्यातला पहिला मृत्यू नोंदला गेला तो मोर्लेतलाच. लांबचं दुखणं अचानक हाकेच्या अंतरावर आलं. त्या दिवसांत पॅरासिटामॉल घेऊन अंग गार करायचं आणि कामावर जायचं, असं करणारे होते. त्यांचा ताप त्यांच्या एकट्याचा नव्हता. शेजारी गरोदर बाई होती, घरात दमेकरी आजोबा होते, आणि आपण कुठल्या धोक्यात बसलोय हे त्यांना माहीत नव्हतं.

पण लपवणाऱ्याला दोष देऊन आपली सुटका होत नाही. माणूस ताप का लपवत होता? कारण ज्याने सांगितलं त्याचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. बंद झालेल्या भागातला माणूस म्हटलं की दुकानात सामान लांबून सरकवायचे. घरावर कागद चिकटवला की वाड्यातले त्या बाजूने जाणं सोडायचे, महिना झाला तरी. बरा होऊन आलेल्या माणसाच्या अंगणात मुलांना खेळायला पाठवायचे नाहीत. वरून व्हॉट्सॲपवर नावासकट मेसेज फिरायचे, आणि त्यातले काही आपल्याच मंडळींनी पुढे पाठवलेले होते, हे इथे लिहायलाच हवं. खरं सांगण्याची अपेक्षा दुसऱ्याकडून करायची असेल तर ते ऐकून आपण काय करतो हेही बघावं लागेल. एका घरातल्या माणसाने निर्धास्तपणे सांगितलं, "मला वास येत नाही," आणि शेजारणीने दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पायरीवर पेजेचं भांडं ठेवायला सुरुवात केली. त्या वाड्यात पुढे कुणी काही लपवलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यालाच लागू आहे. "गुरुमाऊली आहेत, आपल्याला काही होत नाही" असं म्हणून खोकला अंगावर काढणारे आपल्यात होते. ऐकायला श्रद्धा वाटते. पण त्या बोलण्याआड कित्येकदा तपासणीची भीतीच असायची. भीती वाटण्यात कमीपणा नाही. पण तिला श्रद्धेचं नाव दिलं की घरातल्या कुणाला काही विचारायची सोय उरत नाही. डॉक्टरकडे जाऊया म्हणणारी सून मग श्रद्धा नसलेली ठरते. गुरूंवरचा विश्वास असा कुणाचं तोंड बंद करायला वापरू नये, असं आम्हाला फार वाटतं.

आता त्या ताईंच्या घराकडे येऊ. मे 2021 कसा होता ते आपण विसरलेलो नाही. त्या पंधरवड्यात गोव्यात कित्येक दिवस रोज 50 च्या वर मृत्यूंची नोंद होत होती. पुण्याला जायला वाट नाही, कर्फ्यू लागलेला, देह ताब्यात मिळेल की नाही ते माहीत नाही. अशा वेळी ऐंशी वर्षांच्या आईला पहिल्या रात्री सांगितलं नाही, यात आम्हाला काही चूक दिसत नाही. डॉक्टरांना विचारून, लेकीला बोलावून घेऊन सांगू, म्हणून आणखी दोन-तीन दिवस गेले असते तरी आम्ही तेच म्हटलं असतं. ती वसिष्ठांची मुदत झाली.

पण महिना फार झाला. त्या महिन्यात काय काय करावं लागलं ते ताईंनी सांगितलंय. आई विचारायची, थोरल्याचा फोन का नाही? तर सांगायचे, नेटवर्क नाही. मग, त्याचा आवाज बसलाय. मग, हॉस्पिटलात फोन देत नाहीत. प्रत्येक उत्तराला टेकू द्यायला पुढचं उत्तर. सुतक होतं, पण देवघर बंद ठेवलं तर आई विचारणार, म्हणून सूनबाईंनी रोज दिवा लावला, आणि लावताना हात कापत होता, असं त्या म्हणतात. सुतकात दिवा लावला म्हणून दोष लागेल का, हेही त्यांनी विचारलंय. ताई, तो विषय मनातून काढून टाका. कोकमांचे दिवस होते. सासूबाईंनी थोरल्यासाठी आमसोलं वाळवून पिशवी भरून ठेवली, गाड्या सुरू झाल्या की पाठवायला. घरातल्या सगळ्यांनी ती पिशवी भरली जाताना पाहिली.

आमच्या परीक्षेला हे लावून बघितलं तर उत्तर कडू येतं. कळलं असतं तर आईने वेगळं काय केलं असतं? मुलगा परत आला नसता, हे खरं. पण ती तेरा दिवस मुलाची आई म्हणून बसली असती. पुण्याच्या सुनेशी फोनवर रडली असती, नातवंडांना दोन शब्द बोलली असती. त्या पोरांना वाटलं, आजीने साधी चौकशीसुद्धा केली नाही. हे तिचं होतं आणि ते तिला मिळालं नाही. ज्या दिवशी तिला कळलं त्या दिवशी घरातल्या इतरांचं रडून झालेलं होतं. ती एकटीच पहिल्या दिवसावर होती. आणि तिची तब्येत जपली म्हणावं, तर धक्का टळला नाहीच. तो परक्याच्या तोंडून बसला.

तरीही सगळा भार त्या ताईंवर पडावा हे आम्हाला पटत नाही. ठरवलं कुणी? पुरुषमंडळींनी. आणि निभावलं कुणी? दिवसभर सासूसमोर वावरणाऱ्या सुनेने. खोटं बोलण्याचा निर्णय एकाचा आणि ते रोज सकाळी चहाबरोबर बोलायचं दुसऱ्याने, अशी वाटणी आपल्या घरांत फार चालते. सासूबाईंचा राग सुनेवर निघाला, कारण त्यांनी महिनाभर सुनेच्याच तोंडाकडे बघून विश्वास ठेवला होता. ताईंच्या यजमानांना आमची विनंती आहे, आणि ती त्यांना फोनवरही केलीय, की त्यांनी स्वतः आईजवळ बसावं आणि सांगावं, ठरवणारा मी होतो, हिने माझा शब्द पाळला. हे इतक्या वर्षांनी बोलून काय उपयोग, असं त्यांनी विचारलं. सासूबाई अजून आहेत, म्हणून उपयोग आहे.

सांगायचं कसं, हे विचारणारेही बरेच आहेत. त्याला शास्त्र नाही, अनुभवाचं सांगतो. दिवसाउजेडी सांगावं, रात्री नाही. पोटात दोन घास गेलेले असावेत. फोन स्पीकरवर टाकून तर मुळीच सांगू नये. त्या माणसाच्या मायेचं एक माणूस हात धरायला जवळ असावं आणि ते त्या रात्री तिथेच राहावं. "गेला" हा शब्द स्पष्ट वापरावा. सीरियस आहे, प्रयत्न चालू आहेत, असं दोन दिवस चढवत नेण्याची जी पद्धत पडलीय तिने माणूस खोट्या आशेला लागतो. विचारलं तर कसं झालं ते सांगावं, विचारलं नाही तर त्या तपशिलात शिरू नये. आणि कर्जाचं सांगायचं असेल तर आकडा कागदावर लिहून समोर ठेवावा. तोंडी आकडा नेहमी थोडा कमीच सांगितला जातो!

मुलांना किती आणि काय सांगावं हा वेगळाच विषय आहे. त्यावर तीन घरांतून मेसेज आलेत आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही, त्यामुळे ते पुढच्या पत्रात घेऊ. आपल्या घरचा अनुभव कुणाला कळवायचा असेल तर गुरुवारपर्यंत आपापल्या गटप्रमुखांकडे पाठवावा. लिहायला जमत नसेल तर बोलून पाठवला तरी चालेल. कुणाचंही नाव पत्रात येणार नाही. आणि घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना हे पत्र कृपया कुणीतरी वाचून दाखवा.

जय गुरुदेव.